पहिली तारीख: कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात त्या दिवशी कोर्टात काय होतं

कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात पहिल्या तारखेला येणाऱ्या बहुतेक बायांना वाटतं की आजच निकाल लागेल, नाहीतर आज आपल्याला पिंजऱ्यात उभं करून सगळ्यांदेखत उलटसुलट विचारतील. यातलं त्या दिवशी काहीच होत नाही. साक्षीपुरावा पुढे कधीतरी असतो आणि निकाल त्याच्याही पुढे. तरी या दिवसाला फार महत्त्व आहे. तातडीचे आदेश टिकवायची आणि नवे मागायची हीच वेळ असते. मी अशा बायांसोबत कोर्टात जाणारी कार्यकर्ती, आणि माझ्या पाहण्यात बाया दबावाखाली अर्ज सोडून देतात तेही याच दिवशी, कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात.

खाली एक प्रकरण सविस्तर मांडते आहे. कोणा एकीची ओळख उघड होऊ नये म्हणून मिळत्याजुळत्या प्रकरणांचे तपशील यात एकत्र केले आहेत. कृष्णाकाठचा ऊसपट्टा आणि तालुक्याचं न्यायालय एवढं सांगितलं तरी पुरे.

बाई, घर आणि तक्रार

बाई एकतीस वर्षांची, बारावी झालेली, घरात शिलाईकाम करणारी. लग्नाला नऊ वर्षं झालेली. नवरा साखर कारखान्यात कायम नोकरीला, घर सासऱ्यांच्या नावावर. मुलगी दुसरीत, मुलगा चार वर्षांचा. मारहाण लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सुरू झाली. एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात, शिलाईचे पैसे सासूच्या हातात, दागिने सासूच्याच कपाटात. आषाढात एका रात्री तिला मुलासकट घराबाहेर काढलं. मुलगी आत झोपली होती, ती आतच राहिली. एका चुलत दिरानं मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं आणि पहाटेच्या एसटीनं ती शेजारच्या तालुक्यात माहेरी आली.

पोलीस ठाण्यात एन.सी., म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, झाली. ग्रामीण रुग्णालयात दंडावरच्या आणि पाठीवरच्या वळांची नोंद झाली, हा कागद पुढे फार उपयोगी पडला. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांनी कौटुंबिक घटना अहवाल भरला, त्यालाच सगळे डीआयआर म्हणतात. हा अहवाल नसेल तर अर्ज चालत नाही असं अजूनही बायांना सांगितलं जातं. ते खरं नाही. अहवाल नसला तरी न्यायालय आदेश देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण मिळत असेल तर घ्यावा, कारण त्यात घटना, जखमा आणि मागण्या एका सरकारी माणसाच्या सहीनं नोंदलेल्या असतात.

वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळाले. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता हा हक्क आहे. भावाची शेती आहे म्हणून आपल्याला मोफत वकील मिळणार नाही, असं तिला वाटत होतं. भावाच्या शेतीचा याच्याशी काही संबंध नाही.

अर्ज माहेरच्या तालुक्यात केला. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्याच्या कलम 27 प्रमाणे बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. सासरच्या गावाला तारखेला जायचं म्हणजे स्टँडवर उतरल्यापासून चार लोक मागे लागणार, ही तिची खरी भीती होती. ती या एका कलमानं मिटली.

तारखा आठवायच्या कशा

वकिलांनी पहिला कच्चा मसुदा वाचून दाखवला. त्यात "गैरअर्जदार हा अर्जदारास वारंवार मारहाण करीत असे" असं एक वाक्य होतं. अशा वाक्यावर तातडीचा आदेश मिळणं कठीण असतं. कधी, कुठं, कशानं आणि त्या वेळी कोण होतं, हे लागतं. तिला विचारलं तर ती म्हणाली, "ताई, तारखा कुठं ध्यानात राहतात?" पण बेंदराच्या आदल्या रात्री वैरणीवरून झालेलं भांडण तिला लख्ख आठवत होतं. गौरी जेवायच्या दिवशी पाहुण्यांसमोर मारलेली थप्पड आठवत होती. मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी काय झालं तेही आठवत होतं. तिच्या आईच्या स्वयंपाकघरात मागच्या तीन वर्षांची कालनिर्णयं एकाच खिळ्याला टांगलेली होती. चौकटींत दुधाचा हिशोब लिहिलेला होता. ती खाली काढली आणि बेंदूर, गौरी, शाळेचा पहिला दिवस असं एकेक करून सात घटना तारखांसह लिहून काढल्या. दोन ठिकाणी तर आईनं चौकटीत "पोरगी आली" असं लिहून ठेवलं होतं. मार खाऊन माहेरी आली तो तो दिवस. ती पानं आम्ही कागदपत्रांच्या यादीत जोडली.

अर्जाबरोबर नमुना 3 मधलं प्रतिज्ञापत्र लागतं. कलम 23 खाली एकतर्फी अंतरिम आदेश या प्रतिज्ञापत्राच्या आधारे होतो. ते नसेल तर न्यायाधीशांची इच्छा असूनही हात बांधलेले राहतात. दुसरं प्रतिज्ञापत्र मालमत्ता आणि देण्याघेण्याचं. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालापासून पोटगीच्या मागणीत ते दोन्ही बाजूंना द्यावं लागतं. आपलं अर्जाबरोबरच दिलं तर पहिल्याच तारखेला "त्यांचं कुठे आहे?" असं विचारता येतं.

गैरअर्जदार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज ते, किती करायचे यावरून माहेरच्यांशी थोडा वाद झाला. मामांचं म्हणणं, नणंद, तिचा नवरा, चुलत सासरे, सगळ्यांची नावं घाला. वकिलांनी नाही सांगितलं आणि मला ते पूर्ण पटतं. पुण्यात राहणाऱ्या नणंदेनं कधीतरी फोनवर टोमणे मारले असतील, पण तिचं नाव घातलं की नोटीस आणखी एकीला पोचवावी लागते, आणि एकीची नोटीस परत आली की सगळ्यांची तारीख पुढे जाते. नवरा, सासू आणि सासरे अशी तीनच नावं ठेवली. सासूवर या कायद्यात अर्ज होऊ शकतो, 2016 च्या हिरल हरसोरा निकालानंतर त्यात शंका उरलेली नाही. मात्र सासूला किंवा गैरअर्जदार असलेल्या कोणत्याही बाईला घराबाहेर काढण्याचा आदेश होत नाही.

अर्ज दाखल झाला तो दिवस

लोक ज्याला पहिली तारीख म्हणतात ती बहुतेक वेळा दुसरी असते. अर्ज दाखल होतो त्या दिवशीही न्यायाधीशांसमोर जावं लागतं आणि त्या दिवशी समोरचा पक्ष नसतो. वकिलांनी अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि दवाखान्याचा कागद दाखवला. न्यायाधीश मॅडमनी तिला एवढंच विचारलं, "आता कुठं राहता? मुलं कोणाकडं आहेत?" संध्याकाळपर्यंत आदेश झाला. तिन्ही गैरअर्जदारांनी तिच्यावर कोणताही हिंसाचार करू नये, माहेरच्या घरी किंवा फोनवरून त्रास देऊ नये आणि तिचं स्त्रीधन विकू नये वा गहाण टाकू नये, असा. मुलगी, घर आणि पोटगी यांवर नोटीस काढून ऐकू असं सांगितलं.

असा आदेश झाला की त्याची प्रत बाईला मोफत मिळते, पोलीस ठाण्यालाही जाते. ती मागून घ्यावी आणि तिचा फोटो फोनमध्ये ठेवावा. हा आदेश मोडणं हा कलम 31 खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. कागद हातात असेल तर पोलीस ठाण्यात पुन्हा एन.सी.वर बोळवण होत नाही.

कायदा म्हणतो की पहिली सुनावणी साधारणपणे अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत व्हावी आणि अर्ज पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. आम्हाला पुढची तारीख जवळजवळ तीन आठवड्यांनी मिळाली. तालुका न्यायालयाच्या बोर्डावर रोज किती प्रकरणं असतात ते पाहिलं की हे कसं होतं ते कळतं. पण मुलगी तिकडे असलेल्या आईला ते तीन आठवडे कसे गेले हे मी जवळून पाहिलं आहे, आणि "कामाचा ताण" या उत्तरानं माझं समाधान होत नाही.

नोटिशीत मुद्दाम दोन पत्ते दिले होते, घरचा आणि कारखान्याचा. नोकरीच्या ठिकाणीही नोटीस बजावता येते. घरच्या पत्त्यावरची नोटीस "घराला कुलूप" म्हणून परत आली, कारखान्यातली त्यानं सही करून घेतली. दुसरा पत्ता नसता तर पहिली तारीख "नोटीस पुन्हा काढा" एवढ्यावरच संपली असती.

व्हरांडा

बोर्ड अकराला सुरू होतं, आम्ही साडेदहाला पोचलो. आधारकार्ड, आदेशाची प्रत, दवाखान्याचा मूळ कागद, मुलाचा डबा आणि पाण्याची बाटली असं बरोबर होतं. मुलाला सांभाळायला तिची आई आली होती. प्रकरण बाराला निघेल की चारला हे कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून येऊ नये, पूर्ण दिवस ठेवावा. कोर्ट हॉलच्या दारावरच्या यादीत आपला नंबर पाहून घ्यावा आणि पुकारा ऐकू येईल इतक्या अंतरावरच बसावं.

अकराच्या सुमारास नवरा, सासू, सासरे आणि गावातले दोन कारभारी आले. सासूच्या हाताला धरून मुलगी होती, शाळेच्या गणवेशात, वेणीला लाल रिबीन. आईला बघून पोरगी धावत आली. दोघी किती वेळ एकमेकींना धरून बसल्या होत्या. कोणी काही बोललं नाही.

मग सासूबाई जवळ आल्या. इकडे सासूला आत्या म्हणतात. "अगं, लेकराकडं बघ. झालं गेलं विसर. आजच घरी चल." मागोमाग त्यांच्या वकिलांकडचा एक मुलगा टाइप केलेला कागद घेऊन आला. सात ओळींची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन. "उभयपक्षी आपसात तडजोड झाली असल्याने सदरचा अर्ज पुढे चालविणे नाही." खाली तिच्या सहीची जागा रिकामी. "एवढी सही करा वहिनी, पोरीला घेऊन सगळे एकाच गाडीनं घरी जाऊ."

तिनं पेन हातात घेतलंही होतं. मी तिला सही करू नको असं म्हटलं नाही, तो निर्णय तिचा. एवढंच विचारलं, "यात मारणार नाही असं कुठं लिहिलंय?" तिनं कागद पुन्हा वाचला. त्यात तिच्या नावापुढे मागणं नव्हतं, नवऱ्याच्या नावापुढे हमी नव्हती. अर्ज काढून घेतला की आधीचा संरक्षण आदेशही संपतो, हे तिच्या वकिलांनी समजावलं. तिनं पेन परत दिलं.

तडजोडीला माझा विरोध नाही. कित्येक बायांना नांदायचंच असतं आणि त्यांच्या त्या इच्छेचा मान ठेवायलाच हवा. पण तडजोड व्हायची तर ती न्यायाधीशांसमोर व्हावी, अटी कागदावर याव्यात, नवऱ्यानं लेखी हमी द्यावी, आणि ती पाळली जाते की नाही हे कळेपर्यंत अर्ज चालू राहावा. कलम 14 खाली न्यायालय समुपदेशनाला पाठवू शकतं. त्याबद्दलच्या 2006 च्या नियमांत एक चांगली तरतूद आहे. आपण का मारलं याची समर्थनं समोरच्याला समुपदेशनात मांडता येत नाहीत. व्हरांड्यातल्या बैठकीत मात्र सगळी चर्चा त्या समर्थनांचीच होते. "तिनं उलट उत्तर दिलं", "जेवण वेळेवर दिलं नाही", "माहेरी फोन केला", अशी.

पुकारा झाल्यावर

पावणेएकला शिपायानं नावं पुकारली. आत जाऊन ती वकिलांच्या शेजारी उभी राहिली, समोरच्या बाजूला ते तिघे. तिच्या वकिलांनी आधी सुनावणी बंद दाराआड घेण्याची विनंती केली. कलम 16 मध्ये तशी तरतूद आहे आणि कोणत्याही पक्षाला ते मागता येतं. मॅडमनी बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगितलं. कारभारी बाहेर गेले, मीही गेले असते, पण अर्जदाराची सोबतीण म्हणून थांबू दिलं.

समोरच्या वकिलांनी वकालतनामा दाखल केला आणि म्हणणं मांडायला महिन्याची मुदत मागितली. हे जवळपास प्रत्येक प्रकरणात होतं, त्यात दचकण्यासारखं काही नाही. त्यांनाही उत्तर द्यायचा हक्क आहे. आपल्या वकिलांनी मुदतीला विरोध करण्यात वेळ घालवला नाही. मुदत द्या, पण तोवर तीन गोष्टी करा, असं त्यांनी मागितलं. संरक्षण आदेश चालू ठेवावा, मुलीच्या ताब्याचं आजच काहीतरी ठरावं, आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र व पगाराच्या पावत्या पुढच्या तारखेला आणण्याचा आदेश व्हावा.

"तडजोडीची काही शक्यता?" मॅडमनी थेट तिलाच विचारलं. हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर आदल्या दिवशीच ठरवून ठेवलेलं बरं, कारण त्या क्षणी नवरा चार हातांवर उभा असतो. ती म्हणाली, "मॅडम, मला मारणार नाही हे ह्यांनी इथं लिहून द्यावं. पोरगी माझ्याकडं यावी. मग मी बोलायला तयार आहे." आवाज बारीक होता, पण वाक्यं पुरी होती. वळ कसे पडले, कोणी काय म्हटलं, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. ते अर्जात होतं.

नवऱ्याच्या वकिलांनी घराबद्दल आक्षेप घेतला. घर सासऱ्यांचं, त्यात सुनेला हक्क नाही. जुन्या काळी हा युक्तिवाद चालायचा. सतीशचंद्र आहुजा प्रकरणात ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचं घर असलं तरी सून तिथे संसार करत राहिली असेल तर राहण्याचा हक्क मागू शकते. तिच्या वकिलांनी एका वाक्यात ते सांगितलं, मॅडमनी टिपून घेतलं. तिला स्वतःला त्या घरात परत जायचं नव्हतंच. तिची मागणी माहेरच्या तालुक्यात खोली घेण्यासाठी भाड्याची होती, आणि कलम 19 मध्ये तीही मागता येते.

मुलीला मॅडमनी थोडा वेळ चेंबरमध्ये बोलावलं. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही, कळायचं कारणही नाही. परत डायसवर आल्यावर आदेश सांगितला. अंतरिम अर्जावर म्हणणं द्यायला दहा दिवस, ही शेवटची संधी. मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र आणि पगाराच्या पावत्या त्याच तारखेला. संरक्षण आदेश पुढील आदेशापर्यंत कायम. मुलगी तोवर दर शुक्रवारी शाळा सुटल्यापासून रविवारी संध्याकाळपर्यंत आईकडे, पहिला शुक्रवार त्याच आठवड्यातला. हे सगळं होऊन आम्ही बाहेर आलो तेव्हा पुकारा होऊन जेमतेम पंचवीस मिनिटं झाली होती.

"आज काहीच झालं नाही"

बाहेर येताच ती रडली. पोटगी मिळाली नाही, मुलगी पुन्हा आत्यांच्या हाताला धरून गाडीत बसली, म्हणजे आज काहीच झालं नाही. बाईला घरी सोडण्याआधी तिच्याबरोबर रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची कोर्टानं केलेली नोंद, वाचावा असं मी नवीन कार्यकर्त्यांना नेहमी सांगते, ते यासाठी. आम्ही तिथंच बाकावर बसून वाचला. हजर कोण, दाखल काय झालं, मुदत किती, कोणता आदेश चालू, पुढची तारीख कोणती. पोटगी आज दिली नाही, पण ती साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, हे रजनेश विरुद्ध नेहा निकालानं ठरवून दिलं आहे. म्हणजे तारखा पुढे गेल्या तरी तेवढे महिने बुडत नाहीत. प्रकरणाचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक तिच्या फोनमधल्या ई-कोर्ट अॅपमध्ये घालून दिला. पुढची तारीख पाहायला तिला आता कोणाला विचारावं लागत नाही.

नवऱ्याच्या बाजूच्यांसाठीही दोन शब्द. ही नोटीस म्हणजे अटक नव्हे. पहिल्या तारखेला जामीन लागत नाही, आणि प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहण्याची सक्ती नसल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटलं आहे. पण नोटीस मिळूनही कोणीच आलं नाही तर प्रकरण एकतर्फी पुढे जातं. आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. आणि अपील केलं म्हणून, स्थगिती मिळेपर्यंत, आदेश थांबत नाही.

पुढच्या तारखेला त्यांचं म्हणणं आलं, प्रतिज्ञापत्र अर्धवट आलं, पगाराच्या पावत्या आल्या नाहीत. त्यानंतरच्या तारखेला कारखान्याकडून पगाराचा दाखला मागवण्याचा आदेश झाला. अंतरिम आदेशात मुलीचा तात्पुरता ताबा आईला मिळाला, वडिलांना महिन्यातून दोन रविवार भेट, पोटगी आणि भाडं मिळून मागणीच्या निम्म्याहून थोडी कमी रक्कम. शाळा बदलताना जुन्या शाळेनं दाखला द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 दाखवावं लागलं. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तीन महिने पैसे वेळेवर आले, मग थकले. वसुलीचा अर्ज करावा लागला, आणि कलम 20 खाली कारखान्यानं पगारातून रक्कम थेट जमा करावी अशी मागणी त्यातच केली. ती मंजूर झाली.

मूळ अर्जाचा साक्षीपुरावा अजून चालू आहे, 60 दिवस केव्हाच उलटले. स्त्रीधनाची यादी दोन्ही बाजूंनी दिली आहे, तिच्या यादीत चौदा वस्तू आहेत, त्यांच्या यादीत पाच. लग्नाचा अल्बम सासरी आहे, पण फोटोग्राफरकडे जुन्या फाइली मिळाल्या. पुढच्या तारखेला तो साक्षीला येणार आहे.